कोनाड्यातला कप

दाढीचा साबण तोंडाला फासून बसलो होतो. दाराशी एक गृहस्थ आले. म्हणाले, “हमीदाबी गेल्या.” मी विचारलं, “कोण हमीदाबी?”

“माझी अम्मी. तुमच्याकडं सुईण म्हणून यायची.”

माझ्या तिन्ही मुलांना या बाईंनी जगात आणलं आणि मला त्यांचं नाव ठाऊक नव्हतं. आमच्याकडे त्या नुसत्या ‘सुईण’. साबण वाळून तोंड ओढायला लागलं... स्वतःच्या तोंडाची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

धाकटी शांता अडीच वर्षांची असताना तिला ताप आला आणि अंगभर फोड उठले. आईनं जाहीर केलं, देवी आल्या. झालं, पंचवटीतली आमची अख्खी गल्ली दर्शनाला लोटली. पोर खाजवून फोड फोडतेय, माश्या बसताहेत, आणि बायका पाया पडून तिच्या उष्ट्या दहीभाताचा प्रसाद आपल्या पोरांना भरवताहेत. मीही खाल्ला. दोनदा. घरात देवी असताना नखं काढायची नाहीत, म्हणून तिची नखं वाढलेली. एक ओरखडा डोळ्याच्या कडेपर्यंत गेला होता.

हिनं निरोप धाडून हमीदाबींना बोलावलं. त्यांनी शांताला उजेडात धरलं. “दंडावर देवी टोचल्याची खूण हाय. फोड पोटापाठीवर जास्ती, तळव्यांवर नाय. एक सुकलाय, एक आत्ता उठतोय. देवीत सगळे एकदम पिकतात. ह्या कांजिण्या. नखं काढा, नायतर डोळा जाईल.”

“देवी कोपेल,” आई म्हणाली.

“माझ्यावर कोपू द्या, आजी.”

मी वर्तमानपत्रात तोंड घालून बसलो. पान उलटं होतं, हे नंतर कळलं. हमीदाबींनी नखं काढली, हातांना मऊ फडकी बांधली. कोमट पाण्यानं अंग टिपा, पेज पाजा, खपल्या धरेपर्यंत दुसरी पोरं लांब ठेवा. धाप लागली किंवा पोर गुंगीत गेली तर थेट दवाखाना गाठा, असं हिला बजावलं.

मग चहा. ओट्यावरच्या कोनाड्यात त्यांच्यासाठी कान तुटलेला कप वेगळा ठेवलेला असे. प्यायल्यावर त्यांनी तो स्वतःच विसळून परत ठेवला. त्या गेल्यावर आईनं उंबऱ्यावर गोमूत्र शिंपडलं. पुवाच्या हातांनी कालवलेला भात मिटक्या मारत खाणारा मी ते बघत राहिलो...

शांताचा डोळा शाबूत आहे. भुवईपाशी एक खळगा आहे, तेवढाच.

हमीदाबींचा मुलगा निरोप सांगून निघून गेल्यावर हिनं कोनाड्यातला कप काढला, राखेनं घासला, चहा ओतून माझ्यापुढे ठेवला. मी प्यायलो.

“रोज यातच घ्यायचा,” ती म्हणाली. “म्हणजे नाव लक्षात राहील.”