कापसात लपवलेली ओवाळणी

आता कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला? पण गावभर ही गोष्ट तिखटमीठ लावून फिरते आहे, तेव्हा दुसऱ्याकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. चहा घ्या, आणि हसायचं ते शेवटी हसा.

आधी एक सांगून टाकतो. मी भित्रा माणूस आहे. बैलाच्या शिंगाला भितो, विजेला भितो, सोयाबीन काढायच्या मशीनला भितो. असा माणूस शेतकऱ्याच्या घरी जन्माला यावा ही देवाचीच गंमत. पण या सगळ्यांपेक्षा मी जास्त भितो ते रेखाच्या गप्प बसण्याला. रेखा म्हणजे आमची बायको. ती भांडली तर घर नीट चालतं. ती गप्प बसली की माझा घास घशाखाली उतरत नाही.

गेल्या दिवाळीच्या पाडव्याला ती अशीच गप्प बसली होती. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते आणि नवरा ताटात काहीतरी घालतो. कोणी साडी घालतो, कोणी कानातलं. मी बॅटरीवर चालणारा फवारणीचा पंप घातला. हसता काय? नवाकोरा होता, आणि आमचा जुना गळत होता. रेखानं पंपाला हळदकुंकू लावलं, आत गेली, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत माझ्याशी फक्त ‘जेवा’ एवढंच बोलली.

म्हणून यंदा दसऱ्यापासूनच मी ओवाळणीची काळजी करत बसलो.

खरं तर रेखाला काय पाहिजे हे साऱ्या गावाला माहीत होतं. ती यवतमाळची, बीएस्सी झालेली. संध्याकाळी आमच्या ओसरीत दहावीच्या पोरापोरींना विज्ञान शिकवते, फुकट. मधोमध एक मोबाईल उभा करायचा आणि त्यावर हृदयाचं चित्र दाखवायचं. पुढच्यांना हृदय दिसतं, मागच्यांना पुढच्यांचे कान. “एक लॅपटॉप असता त पोट्ट्यायले नीट दिसलं असतं,” असं ती बोललीही होती. सरळ, माझ्या तोंडावर, वरण वाढताना.

मग घोळ कुठे झाला? एका व्हिडिओत. एके दुपारी ती मोबाईल बघत बसली होती. त्यात तव्याएवढं एक गोल यंत्र आपलं आपण घरभर फिरून झाडत होतं. मी खाटेवर पाय पसरून पडलो होतो. रेखानं व्हिडिओकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“पाहा, कोणी सांगून नाई राह्यलं, तरी काम करून राह्यलं. असं एक आपल्या घरी पाह्यजे होतं.”

तुम्हाला अर्थ कळला ना? लगेच कळला. मला नाही कळला. मी धरून बसलो की बाईला आता ते यंत्रच पाहिजे.

इच्छा दोन, पाडवा एक. चुकीचं निवडलं तर पुन्हा तुळशीच्या लग्नापर्यंत ‘जेवा’. मी बंडूला विचारलं. बंडू माझा लहानपणचा दोस्त, आर्णीला मोटारसायकली दुरुस्त करतो. त्याची स्वतःची बायको वर्षातून सहा महिने माहेरी असते, आणि बायकोला काय द्यावं हे विचारायला मी त्याच्याकडे गेलो.

“लॅपटॉप कायले घेतं बे?” बंडू म्हणाला. “एकदा का थे हाती आलं, का वहिनी परीक्षा देईन, नोकरी लागन, अन् बदली होईन गडचिरोलीले. तू बस मंग इथी कापसाच्या पऱ्हाट्या उपटत.”

“अन् थे झाडूवालं?”

“थे घे. माह्या सालीच्या घरी हाय नागपूरले. बाई लय खुश. बसल्या जागी घर झाडून होते.”

तरीही पाडव्याच्या आदल्या दिवशी मी यवतमाळला गेलो होतो ते लॅपटॉपच बघायला, हे शपथेवर सांगतो. पण त्या दुकानदारानं प्रश्नांचा मारा सुरू केला. रॅम किती पाहिजे? स्क्रीन किती इंची? काम काय करणार त्याच्यावर? मला घाम फुटला. कसंबसं म्हणालो, “हृदय दाखवायचं हाय.”

“डॉक्टर हायेत का वहिनी?”

मी नाही म्हणायच्या आत माझ्या चपलेला काहीतरी येऊन धडकलं. मी किंचाळून स्टुलावर चढलो. खाली तेच गोल यंत्र, दुकान झाडत फिरत होतं. “भेऊ नोका भाऊ, गरीब हाय थे,” दुकानदार हसला. आणि खरंच, त्या यंत्राबद्दल त्यानं मला एकही प्रश्न विचारला नाही. मी तेच घेतलं. कशाला लपवू, बंडूचा सल्ला वगैरे निमित्त, मी प्रश्नांना भिऊन ते घेतलं.

दुकानदारानं ते चार्ज करून दिलं, माझ्या मोबाईलवर काय काय बटणं दाबली आणि म्हणाला, “सारं सेट करून देल्लं. तुमाले काईच करायचं काम नाई.” मी मान हलवली. काय सेट केलं हे विचारलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं, पण विचारायलाही हिंमत लागते.

खोकं मोठं, वर यंत्राचं चित्र. ते बंडूच्या दुकानात टाकलं आणि नुसतं यंत्र पिशवीत घालून घरी आणलं. आता लपवायचं कुठे?

दिवाळीत आमच्या बैठकीच्या खोलीत माणसं नाही, कापूस बसतो. पहिली वेचणी झालेली असते आणि भाव चढेल या आशेवर तो घरातच ठेवतात. पाहुण्यांना आम्ही ओसरीत बसवतो आणि टीव्ही दारातून बघतो. शिवाय त्या ढिगाजवळ गेलं की अंगाला खाज सुटते, म्हणून विकेपर्यंत त्याच्या वाटेला कोणी जात नाही. तिजोरीपेक्षा पक्की जागा. मी खांद्यापर्यंत हात खुपसून यंत्र आत ढकललं. ते चालू होईल ही शंका मला शिवली नाही. वायर तर बंडूकडे खोक्यात होती, आणि माझं शास्त्र असं की वायर नाही म्हणजे बंद. बॅटरीचा पंप देणारा मीच, पण तेवढं डोकं चाललं नाही.

पाडव्याची सकाळ झाली. आंघोळी झाल्या, दारात रांगोळी निघाली, रेखानं ओवाळायचं ताट तयार केलं. आमच्या आईनं त्याच ढिगात सीताफळं पिकायला घातली होती, हे मला कुठे माहीत? ती एक काढायला गेली. तिनं कापसात हात घातला आणि कापूस म्हणाला, “घूंऽऽऽ.”

“साप वं रेखा! कापसात घोणस हाय!”

घोणस कशी फुत्कारते ते शेतातल्या माणसाला सांगावं लागत नाही. आम्ही तिघंही अंगणात. शेजारच्या शांताकाकू आल्या, शिकवणीची पोरं आली, बघता बघता अर्धी गल्ली जमली. माझी भीती तर दुप्पट होती. एक म्हणजे साप. दुसरी म्हणजे तो माझ्या ओवाळणीवरच बसला आहे. ताट तयार, निरांजन लावलेलं, आणि मी ताटात घालणार काय, सीताफळ?

आवाज यंत्राचा असेल असं वाटलं नाही का, असं बंडू मला अजून विचारतो. नाही वाटलं. भीती घरात शिरली की अक्कल मागच्या दारानं निघून जाते.

आर्णीहून सर्पमित्राला बोलावलं. पायात गमबूट, हातात लोखंडी आकडा, अंगात रुबाब. “सारे मांगं सरका. म्या नाग हातानं धरले हायेत, हे त काहीच नाई.” आम्ही दारात गर्दी केली. त्यानं आकड्यानं ढीग उकरायला सुरुवात केली. ढीग आपला आपण हलला. तो थांबला.

“मोठी हाय,” तो हळूच म्हणाला. “जोडी असन.”

तेवढ्यात कापसातून एका बाईचा आवाज आला. गोड, शहरी, अगदी स्वच्छ हिंदीत.

“मैं फँस गई हूँ. कृपया मुझे बाहर निकालिए.”

सर्पमित्रानं आकडा टाकला आणि आमच्या सगळ्यांच्या मधून जी धूम ठोकली, ती फाटकापर्यंत. “साप असन त बोलवा भाऊ,” तो तिथूनच म्हणाला. “हे आपलं काम नाई.”

आई मटकन खाली बसली. शांताकाकू म्हणाल्या, “आवाज त शिकल्यासवरल्या बाईचा दिसते.”

सगळे कापसाकडे बघत होते. रेखा एकटी माझ्याकडे बघत होती.

“अहो, कोण हाय आत?”

“मले काय माईत?”

“मंग घाम काहून येऊन राह्यला?”

“सापाच्या भेवानं.”

“साप हिंदी बोलते?”

आतून पुन्हा तीच विनवणी आली. आणि तेव्हा, फार उशिरा, माझ्या डोक्यात दुकानदार बोलला, ‘सारं सेट करून देल्लं.’ रोज सकाळी आपोआप सुरू होणं सेट केलं होतं. अडकलं की हिंदीत बोलणं सेट केलं होतं. साप नाही, बाई नाही, माझीच ओवाळणी. सुटलो असं वाटतं न वाटतं तोच नाकात बारीकसा जळका वास शिरला.

कापूस, मध्ये तापलेलं यंत्र, वर लाकडाचं आढं. एक ठिणगी पडली असती तर वर्षाचं पीक, घर, सगळं गेलं असतं. खोटं सांगत नाही, एवढा मी जन्मात कधी भ्यालो नव्हतो. आणि भ्यालो म्हणूनच धावलो. मी त्या ढिगात डोक्यासकट सूर मारला.

“अहो, जाऊ नोका, चावन!” मागून रेखाचा आवाज आला. तो कापत होता. एवढ्या गडबडीतही मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

हाताला गरम काहीतरी लागलं. ते छातीशी धरून मी बाहेर आलो तेव्हा माझ्या केसांत, मिशीत, नाकात कापूस होता, आणि यंत्राच्या ब्रशांना कापसाचे पीळ बसले होते. “कृपया मुझे समतल जगह पर रखिए,” ते माझ्या कुशीतून म्हणालं. घाबरून मी पीळ ओढून काढले आणि ते अंगणात ठेवलं. ते दोनदा थरथरलं, आणि सरळ जाऊन रेखाची अर्धी रांगोळी झाडून आलं.

“हे काय होय?” रेखानं विचारलं.

“तुही ओवाळणी.”

ती गप्प बसली. मी घाईघाईनं म्हणालो,

“पण तू थो व्हिडिओ पाहून म्हटलं होतं ना, असं एक घरी पाह्यजे होतं?”

“थो तुमाले टोमणा होता.”

अख्खं अंगण हसलं. फाटकाबाहेरून सर्पमित्रसुद्धा हसला. रेखालाही हसू आलं, पण ते अर्ध्यावरच विझलं. तिनं दारात उभ्या असलेल्या पोरांकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, “परीक्षा जवळ आली. म्या त्यायले हे दाखवू का?” तेव्हा मात्र मला फार वाईट वाटलं. तिनं साधं, सोपं, मराठीत सांगितलं होतं, आणि मी तेवढं सोडून बाकी सगळ्यांचं ऐकलं होतं.

तरी तिनं मला ओवाळलं, तसाच, कापसासकट. मी ताटासमोर हात जोडले, दुसरं काही नव्हतंच.

भाऊबीज आटोपल्यावर मी यंत्र घेऊन पुन्हा यवतमाळला. दुकानदारानं त्याचं पोट उघडलं. आत गच्च कापूस. त्यानं चिमटीनं थोडा काढला, ओढून पाहिला आणि म्हणाला, “लंबा धागा हाय. कोणतं बियाणं लावलं होतं?” मग बराच वेळ घासाघीस झाली. त्यानं यंत्र ठेवून घेतलं, वरचे पैसे मी घातले. रॅमचं त्यानं पुन्हा काढलं, पण या वेळी मी स्टुलावर चढलो नाही. “दहावीच्या पोट्ट्यायले हृदय दिसलं पाह्यजे,” मी म्हणालो, “मांगं बसणाऱ्यालेही.” त्यानं एक लॅपटॉप काढून समोर ठेवला. एवढं सोपं होतं ते.

आता संध्याकाळी आमच्या ओसरीत पोरं ऐसपैस बसतात. पहिल्याच दिवशी मागच्या रांगेतली एक पोरगी म्हणाली, “मॅडम, हृदयाले कप्पे चार असते का? मले आतापर्यंत दोनच दिसत होते.” रेखा माझ्याकडे बघून हसली. पाडव्याला ताटात जे पडलं नव्हतं ते मला त्या हसण्यात दिसलं.

फक्त शिकवणी लांबली, त्यामुळे घरकामाची नवी वाटणी झाली. ती कोणी केली हे विचारू नका.

परवा शांताकाकू आल्या होत्या. “काय वं रेखा, लॅपटॉप आला म्हणते. मंग थे झाडणारं वापस केलं का?”

“नाई काकू, थेही हाय,” रेखा स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली. “थे पाहा, पलंगाखालून निघून राह्यलं.”

मी झाडू हातात घेऊन उभा राहिलो. काकूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“अन् हे हिंदीत बोलते का?”

“नाई,” रेखा म्हणाली. “ह्याचा आवाज म्या बंद करून ठेवला हाय.”