पायरी उतरल्यावर

परतवाड्याचं घर सोडलं तेव्हा मी मुद्दाम हळू चालले. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात चार वर्षांची नेहा. गिऱ्हाईक दुकानाची पायरी उतरलं की दुकानदार मागून हाक मारतो, भाव कमी करतो. हे मला लग्नाआधीपासून ठाऊक. नवऱ्याकडे मागणं एकच होतं: सासूपासून वेगळ्या दोन खोल्या. तो ओट्यावर चहा पीत बसून राहिला. सासूबाई तेवढ्या बोलल्या, "जाऊ दे तिले. बिनबापाची पोर कशी हाताबाहेर जाते, पायजो मंग."

स्टँडवर अकोल्याची पहिली गाडी मी जाऊ दिली. हाक आली नाही. मला जायचं नव्हतं, हे आज पहिल्यांदा लिहितेय.

अकोल्यात आधी दुसऱ्याच्या दुकानात साड्यांच्या घड्या घातल्या. आता ड्रेस मटेरियलचं दुकान माझं आहे. सुरतच्या व्यापाऱ्यांशी फोनवर भांडते आणि जिंकते. पण सासूबाईंचं ते वाक्य चौदा वर्षं डोक्यात ठेवून पोर वाढवली, जरा जास्तच कडक. आई-बाप दोघं असतात तिथं एक ओरडतो, दुसरा जेवायला बसवतो म्हणे. आमच्याकडे दोघं होतो तेव्हाही तसं नव्हतं. बापाला तिच्या बालवाडीचं नाव सांगता आलं नसतं. इथं ओरडणारीही मीच, वाढणारीही मीच. आणि मला ओरडणंच चांगलं जमतं.

गेल्या महिन्यात तिच्या पुण्याला शिकायला जाण्यावरून आमचं वाजलं. मी नाही म्हटलं. नेहानं सॅक उचलली. "मंग मी चालली."

मी गप्प बसले, अगदी त्या ओट्यावरच्या माणसासारखी. जिन्यावर चपलांचा आवाज खाली जात होता. मग लक्षात आलं, ती मुद्दाम हळू उतरतेय. आठव्या पायरीवर आवाज थांबला.

"नेहा! वापस ये बाप्पा! जेवून घे, मंग भांडू."

ती हसतच वर आली. "किती वेळ लावला मम्मी! मले वाटलं, आता खरंच जा लागते."

मी तिला गरम पोळी वाढली. पुण्याचं अजून ठरायचंय; घासाघीस करण्यात ती माझ्याहून चिवट निघाली.

सासूबाई, पोर हाताबाहेर नाही गेली. आठव्या पायरीवर थांबली होती. परतवाड्याला मी आता घर म्हणत नाही. माझं घर अकोल्यात, दुसऱ्या मजल्यावर आहे. तिथून रागानं उतरणाऱ्याला मागून हाक येते.