कानावर चालणारं दुकान

तुमच्या घरचा कॉम्प्युटर कधी बटण दाबल्यावर नुसताच घरघरून गप्प बसलाय का? पंखा फिरतो, दिवा लागतो, पण स्क्रीन काळी ती काळीच. अशा वेळी माणसं आधी त्याला एक चापट मारतात, मग घरातल्या कोणावर तरी ओरडतात, आणि शेवटी रिक्षात घालून आमच्या दुकानात आणतात.

आमचं म्हणजे माझ्या धाकट्या दिरांचं, प्रकाश भाऊजींचं. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका बोळात त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. माझी मुलं मोठी झाली, घरात दुपार सरेना, तेव्हा त्यांनीच मला काउंटरवर बसवलं. माझं शिक्षण बारावीपर्यंत. गिऱ्हाइकाचं नाव-नंबर घ्यायचा, चहा सांगायचा, एवढंच काम. पण तिथं येणारा माणूस नुसता सीपीयू ठेवून जात नाही. तो कधी बंद पडला, त्याच्या आदल्या दिवशी घरात कोणाचं कोणाशी भांडण झालं, सगळं सांगून जातो. असं किती साठलंय म्हणून सांगू? जेवायला बसलं तरी एखादा किस्सा आठवतो आणि घास हातातच राहतो.

हसायच्या आधी एक सांगून ठेवते. भाऊजींना हल्ली कमी ऐकू येतं. आणि त्यांचं दुकान चालतं ते त्यांच्या कानावर.

* * *

ते असं. जुना डेस्कटॉप सुरू होताना आतून बीप देतो. सगळं ठीक असलं तर एकच, छोटा. बिघाड असला तर जास्त बीप येतात. रॅम बिघडली तर तीन, डिस्प्ले कार्ड बिघडलं तर वेगळे. भाऊजी बटण दाबायच्या आधी डावा हात वर करायचे. हात वर झाला की दुकानात सगळ्यांनी गप्प. चहावाल्यानं ग्लाससुद्धा वाजवायचा नाही.

एकदा एका तालमीचे वस्ताद मशीन घेऊन आले. वस्तादांना हळू बोलणं माहीत नाही. भाऊजींचा हात वर, आणि हे आपले सांगतायत, "परवापतोर चांगलं चालू हुतं बघा." भाऊजींनी दुसराही हात वर केला. वस्ताद दोन पावलं मागं सरले. म्हणाले, "पावणं, हात कशाला वर करताय? मी कुठं मारायलोय तुम्हाला?"

बिघाड रॅमचा होता. भाऊजींनी ती पट्टी काढली, शाळेतल्या खोडरबरानं तिची पितळी कड घासली, परत बसवली. मशीन चालू झालं. वस्ताद म्हणाले, "एवढंच व्हय? हे मी बी करीन की."

पुढच्या महिन्यात ते परत आले. रॅमची पट्टी उलटी घातलेली, आणि जिथं घालायची ती खाचच मोडलेली.

"बसत न्हवती," वस्ताद म्हणाले. "मग मी बसवली."

* * *

हुपरीचे एक चांदी कारागीर आले होते. घरातच पैंजणांचा कारखाना, आणि तिथंच कोपऱ्यात कॉम्प्युटर. चालू व्हायचा आणि लगेच बंद पडायचा. भाऊजींनी झाकण काढलं तर आत धुळीचा नुसता थर. ते सीपीयू उचलून दारात घेऊन गेले आणि ब्लोअर लावून सगळी धूळ बोळात उडवून दिली. गिऱ्हाईक समोर चहा प्यायला गेलेलं. ते परत आलं, आत डोकावलं आणि उभंच राहिलं.

"धूळ कुठाय?"

"कसली धूळ?" मी विचारलं.

"आमची."

हुपरीत कारखान्यातली झाडलोट कोणी फेकत नाही. तिच्यात चांदीचा कीस असतो, ती साठवून गाळायला देतात. हे आम्हाला कोल्हापुरात राहून माहीत नव्हतं. त्या गृहस्थांनी माझ्याकडून केरसुणी मागून घेतली आणि अख्खा बोळ झाडला. शेजारच्या टेलरच्या चिंध्या, शेंगांची टरफलं, सगळं एका पिशवीत भरलं. टेलर म्हणाला, "रोज येत जावा की."

पिशवी पोटाशी धरून ते एसटी पकडायला गेले. कॉम्प्युटर आमच्याकडंच राहिला.

मला त्यातलं आणखी एक आठवतं. त्या गृहस्थांना हाक मारा म्हणून मी भाऊजींना ओरडून सांगत होते. ब्लोअर कधीच बंद झाला होता. भाऊजी माझ्याकडं पाठ करून वायर गुंडाळत होते, आणि गुंडाळतच राहिले. मला वाटलं, ब्लोअरचा आवाज कानात बसला असेल.

* * *

आजऱ्याहून काजूच्या कारखान्यातल्या मॅनेजर बाई आल्या होत्या. त्यांचं मशीन चालूच होत नव्हतं. उघडलं तर आत उंदरानं काजू भरून ठेवलेले. वायरी कुरतडलेल्या, पण काजूला दात लावलेला नाही. बाईंनी एकेक काजू उचलून बघितला. मला वाटलं, आता किळस येऊन टाकून देतील.

त्या म्हणाल्या, "बघा ताई, एक बी तुकडा न्हाय. सगळा अख्खा माल. आमच्या बायकांस्नी पगार देऊन एवढं निवडाय जमत न्हाय."

भाऊजींनी वायरी बदलल्या, मशीन चालू केलं आणि म्हणाले, "झालं." बाईंनी कान दिला. "मग हे कुईकुई काय वाजायलंय?"

पंख्याचा आवाज होता. मला ऐकू येत होता, टेलरला बोळात ऐकू येत होता. भाऊजी आमच्या दोघींच्या तोंडाकडं बघत राहिले. मग त्यांनी तळहात कॅबिनेटवर ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि पंखा काढायला घेतला.

बाई काजूची पिशवी आम्हालाच देऊन गेल्या. ती आम्ही कोणी उघडली नाही.

* * *

तुम्ही म्हणाल, घरातल्या माणसाचं ऐकणं जातंय आणि तुम्हाला कळलं कसं नाही? अहो, आमच्याकडं हळू बोलतंय कोण! शेजारी शेजाऱ्याला साखर मागतो ती तिसऱ्या गल्लीत ऐकू जाते. दुसऱ्या गावात भाऊजी केव्हाच सापडले असते. इथं त्यांची सगळी सोय होती.

आमच्या ह्यांना सांगितलं तर ते मानेनात. ह्यांचं काम शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत, तिथल्या धडधडीत जन्म गेला.

"प्रकाशला? काय तर बोलू नकोस. काल फोनवर सगळं ऐकून उत्तरं दिली की मला."

मी म्हटलं, "तुमचा आवाज फोन नसता तरी पोचला असता."

शेवटी मीच भाऊजींना कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, कानात मशीन लावा, बोलणं चांगलं ऐकू येईल. भाऊजींनी विचारलं, "आणि बीप?"

"कसला बीप?"

भाऊजींनी समजावून सांगितलं. डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बारीक आवाजाचं मी खात्रीनं सांगू शकत नाही."

 घराच्या दाराशी स्कूटर लावताना भाऊजी म्हणाले, "वैनी, बीप ऐकाय यायचा बंद झाला की दुरुस्तीच्या टेबलावर मी बसणार न्हाय. अंदाजानं लोकांची मशीनं खोलायची न्हाईत मला." मग म्हणाले, "कुणाला सांगू नका."

* * *

त्यानंतर आमची एक रीत पडली. ते हात वर करायचे, बटण दाबायचे, आणि मी काउंटरवर बोट टेकवायची. जेवढे बीप तेवढ्या वेळा. लांब बीप असला तर बोट ओढायची. ते माझ्या बोटाकडं बघायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, "डिस्प्ले कार्ड गेलंय."

असं बरेच दिवस चाललं, आणि किती बीपला काय बिघडलंय ते मलाही पाठ झालं. एकदा एका म्हातारबाबांनी हे नीट बघितलं आणि मला हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही पेटी वाजवायला शिकताय काय?"

मी म्हटलं, "व्हय."

"मग दुसरा हात बी हलवा की," ते म्हणाले.

* * *

आता हे शेवटचं. घरी लग्नपत्रिका तयार करून देणारी सुरेखा म्हणून एक आमची गिऱ्हाईक आहे. त्या दिवशी मी भाजी आणायला गेले होते. परत येताना बोळाच्या तोंडाशीच ती पळत आली.

"ताई, लवकर चला. तुमचं दीर मशीनला चावाय लागल्यात."

मी दारात जाऊन बघितलं. भाऊजी जमिनीवर बसले होते. सुरेखाचं मशीन पुढ्यात उघडं. स्क्रूड्रायव्हरची मूठ त्यांनी दातात घट्ट धरली होती आणि त्याचं टोक आतल्या छोट्या स्पीकरवर टेकवलं होतं. डोळे मिटलेले. बटण दाबत होते, थांबत होते, बंद करत होते, परत दाबत होते. तोंडाच्या कडेनं लाळ गळत होती, त्याचंही भान नव्हतं.

मी आत आलेली त्यांना कळली नाही. खांद्याला हात लावला तेव्हा दचकले. स्क्रूड्रायव्हर तोंडातून काढला.

"दोन हायत न्हवं, वैनी?"

मी दारातून ऐकले होते. तीन होते.

मला खोटं बोलता आलं असतं. पण मशीन सुरेखाचं होतं, आणि तिच्या पत्रिका संध्याकाळी छापायला जायच्या होत्या. मी खाली बसले आणि फरशीवर तीनदा बोट टेकवलं.

भाऊजी त्या बोटाकडं बघत राहिले.

"दातात दोनच आले," ते म्हणाले.

सुरेखा दारातून म्हणाली, "काय दोन, काय तीन? हुतंय का न्हाय तेवढं सांगा."

भाऊजींनी माझ्याकडं बघितलं. "सांगा वैनी. काय काढू?"

मी म्हटलं, "रॅम."

त्यांनी ती बदलली. मशीन चालू झालं, स्क्रीनवर कोणाच्या तरी पत्रिकेतला गणपती आला. सुरेखानं आधी गणपतीला आणि मग भाऊजींना हात जोडले, आणि रिक्षा बोलवायला गेली. भाऊजींनी स्क्रूड्रायव्हर धुतला, फडक्यानं पुसला आणि टेबलावर ठेवला. मी भाजीची पिशवी घेऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात पोचले तेव्हा भाऊजी काउंटरच्या खुर्चीवर बसले होते, आणि आतल्या दुरुस्तीच्या टेबलावरचा दिवा त्यांनी माझ्यासाठी लावून ठेवला होता.