हरतालिकेची वाळू

सिंगापुरात पुंगोलला आमच्या ब्लॉकमागे भरावासाठी आणलेली वाळू कित्येक वर्षं तशीच पडून आहे. वाऱ्याने तिच्या टेकड्या केल्या, त्यांच्यावर बारीक लाटा काढल्या, कडेने गवत धरलं. या शिस्तीच्या शहरात कोणी आखून न दिलेली एवढी एकच जागा मला ठाऊक. रविवारी सकाळी मी आणि माझी लेक तिथे जायचो. यंदा सगळ्यांत उंच टेकडीवर टिटवीने उघड्यावरच अंडी घातली होती. मी पाऊल पुढे टाकलं की लेक दटावायची, "आई, डोन्ट गो सो निअर लाह!"

हरतालिकेच्या आधी मंडळातल्या थोरल्या वहिनी चहाला आल्या. पूजेला वाळूची पिंड करायची म्हणून आम्ही दरवर्षी दुकानातून पिशवी आणतो. वहिनींना खिडकीतून टेकड्या दिसल्या आणि त्या हरखल्याच.

"वहिनी, वर टिटवीची अंडी आहेत. वर नका जाऊ."

"नाही गं, कडेची घेईन मूठभर."

हरतालिकेला त्यांच्या कॉन्डोतल्या घरी गेले, तर पाटावर पिंड तयार. वाळू पिठासारखी मऊ. कडेची वाळू अशी नसते.

"वरचीच आणली," वहिनी म्हणाल्या. "कडेची लोकांच्या पायाखालची, देवाला कशी चालेल? ती टिटवी मेली डोक्यावर कोकलत होती. सणासुदीला अपशकुन नको, म्हणून टाळ्या वाजवून हाकलली."

"आणि अंडी?"

"अगं, वाळूत काय दिसतंय!"

बँकेत दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणारी ही बाई! "तुम्हाला सांगितलं होतं मी," मी ओरडले. बाकीच्या बायका मलाच समजावू लागल्या, आज राग नको, आज उपास आहे. त्या समजावण्याने मी आणखी पेटले. ज्या वाळूसाठी एका आईला हाकललं, तिच्यापुढे हात जोडून सौभाग्य मागायचं? मी पत्री तशीच ठेवली आणि निघाले. खाली हॉकर सेंटरला जाऊन, नऊवारीतच, दोन डोसे खाल्ले. लग्नापासून हा उपास कधी मोडला नव्हता.

संध्याकाळी वहिनींचा फोन. "नवऱ्याच्या आयुष्याचा तरी विचार करायचास." मी फोन ठेवून दिला.

रविवारी गेलो तेव्हा वाऱ्याने वहिनींची पावलं बुजवून पुन्हा लाटा काढल्या होत्या. पाहणाऱ्याला वाटावं, इथे कोणी आलंच नाही. टिटवी मात्र वरच होती. दोन पावलं चालायची, थांबायची, अंग फुगवून रिकाम्या वाळूवर बसायची, पुन्हा उठायची.