न वाचता 'हो' म्हटलं

मित्रांनो, आज माझ्यामुळे एका बाईंचा आवाजच गेला.

कासा गावाजवळच्या आमच्या शाळेतल्या सुनंदाबाईंना दिसत नाही. स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर त्या स्वतः प्रश्नपत्रिका टाइप करतात.

सकाळी मी त्यांचा लिनक्सवर चालणारा कॉम्प्युटर अपग्रेड करायला घेतला. प्रोग्राम टाकायचं-काढायचं नेहमीचं साधन 'ॲप्ट' अडकलं, म्हणून त्याच कामाचं 'ॲप्टिट्यूड' वापरलं. त्याने काय काय काढून टाकणार याची यादी दाखवली. मी घाईत न वाचताच 'हो' म्हटलं.

दुपारी बाईंनी हाक मारली. "सर, हा बोलतच नाही. माझंच काही चुकलं का?"

काढून टाकलेल्यांच्या यादीत त्यांचा वाचून दाखवणारा प्रोग्रामच होता. तोवर नेट बंद पडलं होतं, त्यामुळे परत टाकता येईना. मी चूक कबूल केली. त्या "असू दे" म्हणाल्या आणि प्रश्नपत्रिका मला टाइप करायला तोंडी सांगत बसल्या.

अपग्रेडआधी तुम्ही वापरणाऱ्याला विचारता का?