टॉवेलखालचा आकडा

"मी शे ना!" मी आहे ना, हे तो आपल्या अहिराणीत इतक्या जोरात म्हणायचा की दावणीचे बैल माना वळवायचे. धुळ्याच्या बैलबाजारात तो दलाल होता, मी व्यापारी. विकणारा घाबरला की "मी शे ना!" घेणारा अडला की "मी शे ना!" दलाली मात्र दोघांकडूनही घ्यायचा.

बैलबाजारात गेला असाल तर तुम्हीही पाहिलं असेल, तिथे भाव तोंडानं ठरत नाही. दोन हात टॉवेलखाली जातात, बोटं दाबून आकडा सांगितला जातो आणि वर तोंडानं पाऊसपाण्याच्या गप्पा चालू राहतात, म्हणजे बघणाऱ्यांना काही कळू नये. टॉवेलखालचं तिसऱ्याला सांगायचं नाही, हा नियम.

माझा राग त्याच नियमावर आहे. एक पांढरी जोडी मला हवी होती. त्यानं ती माझ्या डोळ्यांदेखत रावेरच्या माणसाला दिली. केवढ्याला गेली, एवढंच मी विचारलं.

"शेठ, ते टॉवेलखालनं शे."

मी एका गोऱ्ह्यावर धंदा उभा केलेला माणूस. मला शेठ तो फक्त डिवचायला म्हणायचा. त्या जोडीचा भाव मला आजही माहीत नाही.

मग त्याचा आवाज बसला. त्यानं बाजारातल्या धुळीला दोष दिला, हळद-मिठाच्या गुळण्या केल्या. आवाज काही उठेना. शेवटी मी शिव्या घालून त्याला जळगावला नेलं. डॉक्टर म्हणाले, "आ करा."

तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "दात मोजी ल्या, साहेब. जनावर जुनं शे."

घशातला तुकडा तपासायला गेला. कॅन्सर निघाला. ऑपरेशन करावं लागेल. स्वरयंत्र थोडं काढायचं की पूर्ण, ते आत पाहिल्यावर ठरेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी खुर्चीवरून उठलोच.

"आत पाहिल्यावर म्हणजे? आणि पूर्ण कशाला? अर्धं तरी ठेवा की!"

"इथे घासाघीस होत नाही," डॉक्टर म्हणाले.

त्यानं माझा सदरा ओढून मला खाली बसवलं. खांद्यावरचा टॉवेल टेबलावर पसरला आणि त्याखाली हात घातला. "साहेब, हात द्या. दहात वाचायची आशा किती, तेवढी बोटं दाबा."

वहिनी, म्हणजे त्याची बायको, शेजारीच बसल्या होत्या. डॉक्टरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, पेन खिशाला लावलं आणि हात टॉवेलखाली घातला.

"तुमच्याकडं पाऊस कसा, साहेब?" त्यानं विचारलं.

डॉक्टर हुशार. म्हणाले, "बरा आहे."

हात बाहेर आले. "कबूल शे," तो म्हणाला. बाहेर आल्यावर वहिनींनी विचारलं, मीही विचारलं. त्यानं आम्हा दोघांसमोर टॉवेल झटकला आणि खांद्यावर टाकला.

स्वरयंत्र पूर्ण गेलं. गळ्याला भोक राहिलं, श्वास तिथूनच. तरी तो बाजारात आला. बोटं शाबूत होती. अडचण वरच्या गप्पांची होती. नुसतेच गप्प बसून टॉवेलखाली हात घातले की सगळा बाजार मनगटांकडे बघायचा. मग त्याच्या शेजारी बसून पाऊसपाण्याचं मी बोलू लागलो. खाली काय चाललंय ते मला कळत नसे. त्यानं कधी आभार मानले नाहीत. आवाज होता तेव्हाही मानत नव्हता.

गेल्या पोळ्याच्या आधी तो गेला. त्याच्या काही महिने आधीचं सांगतो.

गळ्याच्या बाजूला पुन्हा गाठ आली होती. डॉक्टरांनी रेडिएशनचा शेक घ्यायला बोलावलं होतं आणि हा ओट्यावर बसून हलेना. मी घरी जाऊन ओरडायला सुरुवात केली. पण समोरून उत्तरच नाही म्हटल्यावर भांडण पुढे सरकेना. म्हणून त्याची उत्तरंही मीच देऊ लागलो. "तू म्हणशील, शेठ, जळगाव दूर शे. तू म्हणशील, जुन्या ढोराला किती वेळा डागायचं? तू म्हणशील, मरायचंच तर घरी मरू दे." इतकी वर्षं त्याचं ऐकलेलं. त्याची बाजू मला माझ्या बाजूपेक्षा चांगली मांडता येत होती. मी हरत चाललो. तो प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता, चांगला खुशीत होता.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मंग मनं काय, ते बी सांगा ना."

त्यांचं काय, ते मला सांगता येत नव्हतं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याची मान थांबली होती. मग पायानं ओट्याखाली चपला चाचपू लागला. एक सापडली. दुसरी कुत्र्यानं ओढून नेली होती. ती शोधायला तो एका पायात चप्पल घालून अंगणात उतरला.