हसनने माझं दार मोजलं

आता माझीच फजिती माझ्याच तोंडाने सांगायची म्हणजे जड जातं. पण चहा घेताय तोवर ऐका.

मी सुतार. पोलादपूरच्या अलीकडे आमचं गाव. शेजारी हसनमियाँ, चाळीस वर्षांचा शेजार. मध्ये नुसतं कुंपण.

एक दिवस शेतावरून लवकर परतलो. बघतो तर हसन माझ्या ओटीवर! माझ्या दाराची चौकट टेपने मोजतोय. मला बघताच टेप सर्रकन आत.

"काय रे हसन?"

"काय नाय तात्या. सहज."

सहज? टेप घेऊन कुणी सहज येतं का? तुम्हीच सांगा!

दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडे तो फोनवर बोलत होता. "जागा आपली झाली. परवानगी पन आली. आता काम चालू करा."

माझं डोकंच फिरलं. आज चौकट, उद्या ओटी, परवा घर!

बायको म्हणाली, "अवो, त्यांना इचारा तरी."

"तू गप ऱ्हा गो!"

थेट महाड गाठलं आणि जमिनीच्या सरकारी मोजणीचा अर्ज टाकला. हसनशी बोलणं बंद. ईदेला त्याने शिरखुर्मा पाठवला, तो मी परत धाडला. निम्मा बायकोने आधीच खाल्ला होता, हे मागाहून कळलं.

मोजणीवाला यंत्र घेऊन आला. शेजारी म्हणून हसनलाही नोटीस गेलेली. ती हातात धरून तो आला. चेहरा उतरलेला.

"तात्या, माझ्यावर मोजनी लावलीत?"

"आधी माझं घर कुणी मोजलं?"

"घर कुठं? दार मोजत होतो! माझा पोरगा युसुफ ऱ्हातो त्या इंग्लंडातल्या गावात नवीन मशीद बांधतायत. जागा घेतली, परवानगी पन आली. सगली आपल्याकडचीच मानसं. त्यांना गावच्यासारखं दार पायजे. तुमच्या बापाने कोरलंय तसं दुसरं हाय कुठं? वरची गणपतीची पट्टी सोडून बाकी येलबुट्टी तीच घेनार."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"तुमी नाय म्हनला असता तर? वयनीला इचारून मोजलं."

मी बायकोकडे पाहिलं.

"तुम्हीच गप ऱ्हा म्हनालात. ऱ्हायले."

माझ्या बापाचं दार, इंग्लंडात! छाती अशी फुगली! मोजणीवाल्याला म्हणालो, "जा बाबा तुम्ही. भागलं आमचं."

"आजोबा, अर्ज तुमचा आहे. आलोय तर मोजूनच जाणार."

त्याने खुणा करायला घेतल्या. शेवटची खूण कुठे पडली? माझ्या न्हाणीच्या बरोब्बर मधोमध!

"हद्द ही. अर्धी न्हाणी यांच्या जमिनीत."

हसनने खुणेकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"ऱ्हाऊ दे तात्या. आंघोळ करा तुमी."

तिकडे त्या लोकांनी परक्या मुलखात रीतसर परवानगी काढून मशीद उभी केली. आणि मी स्वतःच्या गावात चाळीस वर्षं दुसऱ्याच्या जमिनीत उघडाबंब बसलो होतो. वर साबण लावून!